मीठ घालायच्या आधी

आप्पा,

आज सकाळी मी पुन्हा बाजरीचं पीठ करपवलं. तुम्ही असतात तर काही बोलला नसतात, नुसतं उलथनं माझ्या हातून काढून घेतलं असतंत आणि गॅस बारीक केला असतात. तुमचं ते न बोलणं मला लहानपणी फार लागायचं. वाटायचं, चार शिव्या घाला, पण बोला. आता घरात बोलणारं कुणीच नाही, त्यामुळं तसलं गप्प राहणारं माणूसही चाललं असतं. शिरूरला हमरस्त्याच्या आतल्या बाजूला तळमजल्यावर माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यात मी आहे आणि एक कुत्री आहे. मी साठी ओलांडलेली, ती नऊ-दहा वर्षांची, म्हणजे कुत्र्यांच्या मानानं माझ्याच बरोबरीची. पीठ तिच्यासाठी भाजत होते. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं काही घडलंच नाही असं नाही, पण आज जे सांगायचं आहे ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून वही घेऊन बसले.

आधी हिची ओळख करून देते. कंपनीत मी शेवटपर्यंत क्वालिटीत होते. दुसऱ्यानं केलेल्या पार्टमध्ये खोट शोधायची आणि लाल स्टिकर लावायचं, हे माझं काम. माणसंही मी तशीच तपासत आले असं भाऊ म्हणतो, आणि म्हणूनच लग्नाचं राहून गेलं असंही तोच म्हणतो. असेल. ही कुत्री गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमागं जन्मलेली. एक कान मुडपलेला, रंग धड पिवळा नाही धड तांबडा, शेपटीला मध्येच गाठ. माझ्या तपासणीत पहिल्या नजरेलाच रिजेक्ट झाली असती. पण सकाळी बसमधून उतरले की ती गेटपासून डिपार्टमेंटच्या दारापर्यंत माझ्यासोबत यायची आणि तिथून परत जायची, रोज, न चुकता, पंच करायला आल्यासारखी. मी रिटायर झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बस सुटली. ही हमरस्त्यापर्यंत बसमागं पळत आली. आई आदल्याच वर्षी गेली होती. मी दोन दिवस त्या नव्या घड्याळाकडं बघत घरात बसले आणि तिसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले आणि हिला घेऊन आले. बिल्डिंगमध्ये सांगितलं, राखणीला आणली. चोर आला तर ही आधी त्याचे हात चाटेल हे मला पक्कं ठाऊक होतं. नाव काही ठेवलं नाही, 'बये' म्हणते. ती बघते.

तेव्हापासून आम्हा दोघींचं एकच भांडं. एका माणसाचा स्वयंपाक करून बघा आप्पा, म्हणजे कळेल. तुम्ही जन्मभर दहा-दहा जणांचं रांधलंत, तुम्हाला त्यातलं दुःख माहीत नाही. अर्धी वाटी डाळ, एक कांदा, दीड भाकरी, आणि एवढ्यासाठी पाट्यावर... आता मिक्सरवर वाटण काढायचं. आई गेल्यावर मी कितीतरी दिवस दुधात पाव बुडवून खाल्ला. ही आली आणि पुन्हा तवा चढला. मी दोन भाकऱ्या थापायची, कांदा-लसूण मसाला घालून झणझणीत कालवण करायची, एक भाकरी माझ्या ताटात आणि एक तिच्या पातेल्यात कुस्करून त्याच कालवणात भिजवायची. रविवारी कोंबडीचा रस्सा. ती पातेलं असं चाटून ठेवायची की घासायचं काम नाही. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, मॅडमची कुत्री पण मॅडमसारखीच तिखट आहे. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा संक्रांत झाली आणि ती मंदावली. आधी वाटलं थंडी आहे. मग फिरायला नेलं तर कोपऱ्यावरच बसायला लागली. एक दिवस जांभई दिली तेव्हा बघितलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, आणि बाहेर नेलं तर लघवी चहासारखी. दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर पोरसवदा आहेत, भावाच्या मुलाएवढे, पण हात चांगला आहे. त्यांनी रक्त काढलं, गोचीड-तापाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. रक्त मात्र फार उतरलं होतं. मग त्यांनी विचारलं, "काकू, जेवायला काय देता?" मी म्हटलं, घरचंच, आम्ही जे खातो तेच. मला वाटलं शाबासकी मिळेल, कारण बाकीचे लोक पोत्यातलं विकतचं घालतात. डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "कालवणात कांदा-लसूण असतो ना? तोच नडलाय. कुत्र्याच्या रक्ताला कांदा चालत नाही. एका दिवसात काही होत नाही, पण रोज, वर्षानुवर्षं म्हटल्यावर... आजपासून बंद. मीठ-मसालाही नको. साधा भात, उकडलेली कोंबडी, भोपळा. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी हिच्या गळ्यातला पट्टा सारखा करायला वाकले. त्यांना वाटलं, माहीत नव्हतं. आप्पा, मला सांगितलेलं होतं. अकरा वर्षांची असताना, दौंडला, रनिंग रूमच्या मागच्या पायरीवर, तुम्ही सांगितलं होतं.

ती रनिंग रूम माझ्या डोळ्यांसमोरून कधी जात नाही. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन, गार्ड तिथं विसाव्याला येतात. प्रत्येकाच्या लोखंडी पेटीत त्याचा त्याचा शिधा. कुणाचे तांदूळ, कुणाची कणीक, कुणी वाटेतून पालेभाजी आणलेली, कुणी कागदात पावशेर मटण. तुम्ही प्रत्येकाचं वेगळं शिजवता. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला भात गिचका लागतो, कुणाच्या पोळीला तेल नको, हे सगळं तुमच्या डोक्यात, कुठं लिहिलेलं नाही. दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलेला असतो. जेवून गाडीवर जाणारा माणूस जाता जाता त्यात एक मूठ टाकतो, तांदळाची नाहीतर पिठाची. ती कुत्र्यांची मूठ. सक्ती नाही, पण नवा माणूससुद्धा चार दिवसांत शिकतो. मागं लिंबाखाली पाच-सहा कुत्री असायची. मटण आलं की तुम्ही विचारायचात, "साहेब, हाडाचा एक तुकडा काढतो हां," आणि हळद-मीठ लावायच्या आधी काढायचात. डांगराची (डॉक्टर त्यालाच भोपळा म्हणतात) साल-बी काढून फोडी, तीही फोडणीच्या आधी. सगळ्यांचं रांधून झालं की उरलेल्या निखाऱ्यावर त्यांचं पातेलं चढायचं. तांदळाची कणी, बाजरीचं भाजलेलं पीठ, हाडाचं पाणी, डांगर. मीठ नाही, काही नाही. मी शाळेतून परस्पर तिकडं आले की तो वास यायचा, आणि मला त्याचा राग यायचा.

कारण घरी आईनं शिकवलं होतं की अळणी कुणाला वाढू नये. अळणी भात फक्त कावळ्यासाठी करतात, दहाव्याला. जिवंत माणसाला तो वाढला तर त्याचा मान गेला. आणि इथं तुम्ही साहेबांना झणझणीत वाढता आणि कुत्र्यांना रोज अळणी. मला वाटलं, आपल्याला जसं काही लोक ओसरीवर बसवून चहा देतात तसंच हे. एका दुपारी तुम्ही आत ताटं लावत होता. एका ड्रायव्हरचा मटणाचा रस्सा उरला होता, वर बोटभर तर्री असलेला. मी तो सगळा कुत्र्यांच्या पातेल्यात ओतला, वरून दोन चिमट्या मीठ टाकलं आणि मोठ्या पुण्याईचं काम केल्यासारखी उभी राहिले. त्यांनी हा हा म्हणता फस्त केलं. संध्याकाळपर्यंत एक कुत्री, तिला चार पिल्लं होती, ओकून ओकून आडवी झाली. पिल्लं लुचायला गेली तर ती उठून लांब जायची. तुम्ही तिच्या तोंडात कापसानं पाणी सोडत होतात. मी कबूल केलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, "तुला वाटलं म्या त्यांस्नी कमी लेखतो व्हय? आगं, त्यांच्या पोटाला मीठ-मसाला सोसत न्हाई, कांदा तर अजाबात न्हाई. आपल्याला आवडतंय ते द्यायचं न्हाई, त्यांना सोसतंय ते द्यायचं. आन् ते मिठाच्या आधी काढाय लागतं, मागनं न्हाई काढता येत." एवढं लांब तुम्ही माझ्याशी क्वचितच बोललात. ती कुत्री दोन दिवसांनी उठली. मी त्या दोन दिवसांत पायरीवरून हलले नव्हते.

आता सांगा, एवढं असताना मी विसरले असेन का? भाकरी कुस्करताना दर वेळी आठवायचं. पहिले काही दिवस मी वेगळं काढलंसुद्धा. पण मग माझं ताट वेगळं, तिचं पातेलं वेगळं, आणि स्वयंपाकघरात पुन्हा एकटीचं जेवण शिजू लागलं. मला तेच नको होतं. मी केलेलं कालवण कुणीतरी माझ्यासोबत, माझ्यासारखंच खावं, मीठ जास्त झालं तर दोघींना जास्त लागावं, असं वाटायचं. माणूस नाही तर नाही, कुत्री तरी. एकदा दिलं, तिला काही झालं नाही. म्हटलं, आप्पांची कुत्री नाजूक होती, ही कंपनीच्या गेटवरची आहे, लोखंड पचवील. अशी मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारी. स्वतःच्या वेळेला भिंग सापडलं नाही.

तुमच्या हातचं मी कसं उधळून लावलं त्याची ही पहिली गोष्ट नाही. ती डब्याची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. मला नोकरी लागली आणि मी शिरूरला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायला लागले. पंधरा दिवसांत तुम्ही न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरबरोबर एक पत्र्याचा डबा पाठवलात. आत बाजरीची खरपूस, खडखडीत बिस्किटं, वाटीनं कापलेली, अंगाराच्या धगीवर वाळवलेली. चिठ्ठी नाही. मुलींनी विचारलं, काय गं हे? मी बघताक्षणी ओळखलं होतं ती कुणाची बिस्किटं आहेत. रविवारी तुम्ही कुत्र्यांसाठी तीच करायचात. पण त्या मुलींना मी वडील 'रेल्वेत आहेत' एवढंच सांगितलं होतं. त्या समजत होत्या गार्ड नाहीतर टीसी, आणि मी तो समज धुऊन-पुसून जपत होते. मग आचारी म्हणून सांगायचं, वर कुत्र्यांचा आचारी म्हणून सांगायचं, हे कुठून जमणार? मी म्हटलं, गावाकडचा प्रकार आहे. आम्ही चौघींनी आठ दिवस चहात बुडवून ती बिस्किटं खाल्ली. एक मुलगी म्हणाली, चव बरी आहे, मीठ तेवढं विसरल्या तुझ्या आई.

महिन्यानं तुम्ही स्वतः आलात. धोतर स्वच्छ, खांद्यावर पिशवी, खोलीच्या आत यायला तयार नाही. बाहेर उभ्या उभ्याच विचारलंत, "मग, गेटावरची कुत्री लागली का हाताला?" मला कळेना. तुम्ही म्हणालात, "आगं, दुसऱ्या पाळीला सुटल्यावर तुला फाट्यापतूर चालत जावं लागतं म्हणली व्हतीस. म्हणून बिस्किटं धाडली. रोज एकेक टाकायची. एकदा कुत्री वळखाय लागली म्हंजी सोडत न्हाईत, पार फाट्यापतूर येत्यात." माझी रखवाली तुम्ही डब्यात भरून पाठवली होती आणि आम्ही ती चहाबरोबर संपवली होती. मी म्हटलं, हो, लागली ना, चांगली ओळखतात. तुम्ही एवढे खूश झालात की येताना आणलेल्या पिशवीतून दुसरा डबा काढलात. तो मात्र मी गेटवर नेला. त्यानंतर कंपनीची बस सुरू होईपर्यंत, तीन वर्षं, मी कधी एकटी फाट्यापर्यंत चालले नाही. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपल्या दोघांचं सगळंच असं.

दवाखान्यातून आले त्या दिवशी मी भात लावला, कोंबडी नुसत्या पाण्यात उकडली, डांगर शिजवलं, सगळं कालवून तिच्यापुढं ठेवलं. तिनं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं, आता खरं काय केलंयस ते आण, अशा नजरेनं. मग भिंतीकडं तोंड करून पडली. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी येऊन म्हणाल्या, चमचाभर रस्सा घाला वरून, वासानं खाईल, एका चमच्यानं काय होतंय? माझा हात मसाल्याच्या डब्यापर्यंत गेला होता, आप्पा. ती मरेल, पण उपाशी तरी मरणार नाही, असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर ॲडमिट करावं लागेल, सलाईन लावू, पण अशक्तपणा एवढा आहे की खात्री देत नाही. मी फोन ठेवला आणि फ्रिजला पाठ लावून खाली बसले. भावाला लावावा वाटला. मग वाटलं, काय सांगू, कुत्री जेवत नाही? त्याला दोन नातवंडं आहेत, तीही जेवत नाहीत.

बसल्या बसल्या तुमचं पातेलं आठवलं. नवीन कुत्रं यायचं, ढाब्यावरच्या भाजीला सोकावलेलं, तुमच्या पातेल्याला तोंड लावायचं नाही. तेव्हा तुम्ही काय करायचात? पीठ कोरडंच तव्यावर भाजायचात, खमंग वास सुटेपर्यंत, करपायच्या आत उतरवायचात. हाडाचं कढत पाणी त्यावर ओतायचात. झाकून ठेवायचात. मग चमचा नाही, हात. बोटांनी कालवत राहायचात, हाताला सोसेल एवढं निवेपर्यंत. आणि मग पायरीवर त्यांच्या बरोबरीला बसून पहिला घास स्वतः खायचात. आईला ते कधी पटलं नाही. जित्या माणसानं अळणी खायचं, तेही कुत्र्यांच्या पातेल्यातलं, म्हणून ती देवापुढं दिवा लावायची. एकदा तिनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपुन खाल्ल्याबिगर त्यांना कसं कळंल, हे जेवान हाय म्हणून?" मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. तुमच्या दहाव्याला भीमेच्या काठावर कावळे झाडावर बसून राहिले आणि एक लंगडं कुत्रं येऊन पिंड खाऊन गेलं. भावकीतले दगड घेऊन धावले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरं वाटलं होतं.

तर मी उठले. पीठ भाजलं, पहिली खेप करपवली, दुसरी जमली. कोंबडीच्या हाडांचं पाणी ओतलं, भात-डांगर घातलं, बोटांनी कालवलं. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. पाट घेतला, भिंतीला धरून बसले, पातेलं दोघींच्या मध्ये ठेवलं आणि घास तोंडात घातला. अळणी जेवण काय असतं ते मला साठ वर्षांत ठाऊक नव्हतं. आधी काहीच लागत नाही, नुसतं तोंड भरतं. चावत राहिलं की हळूहळू बाजरी बाजरीसारखी लागते, डांगर गोड लागतं. मी दुसरा घास घेतला. तिसरा घेताना तिनं मान वळवली. मी तिच्याकडं बघितलं नाही, तुमच्यासारखीच गप्प खात राहिले. मग ती उठली, थरथरत, आणि माझ्या तळहातावरचा घास चाटला. मग पुन्हा. मग तोंड पातेल्यात घातलं. मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. तिनं खाणं थांबवलं नाही, हे बरं केलं.

आता आमचं रोजचं ठरलेलं आहे. पहिला घास माझा, मग ती खाते. नंतर माझं कालवण मी वेगळं करते, हिच्यासाठी काढून झाल्यावर मीठ-मसाला घालते. एकटीचं ताट आहेच, ते आता मी मानलं. रताळ्याच्या चकत्या उन्हात कडक वाळवून बरणीत भरल्या आहेत. तुमची बिस्किटंही करते. बाजरीचं पीठ, उकडलेलं डांगर, एक अंडं, वाटीनं कापायची, मंद तव्यावर झाकून दोन्हीकडून शेकायची. पहिलं बिस्किट तिनं पलंगाखाली नेऊन परवापर्यंत लपवून ठेवलं होतं, खायचं का नाही ते ठरवत होती. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर न बसता पाण्याच्या टाकीपर्यंत चालली.

काल पुण्याहून नवा रिपोर्ट आला. रक्त भरलं आहे. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या, गुलाबी. दवाखान्यात पाच-सहा जण आपापली जनावरं घेऊन बसले होते, त्या सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाले, "मी लोकांना कागदावर लिहून देतो तरी जमत नाही, महिनाभरात मसाल्यावर येतात. काकूंनी करून दाखवलं. कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, मोबाईलवर बघितलं.

रस्ताभर मी स्वतःला समजावत आले की तुमचं नाव काढलं असतं तर रडू आलं असतं, आणि परक्या माणसांत या वयात बरं दिसलं नसतं. ते खरं आहे. एवढी चांगली बातमी सांगायला घरात कुणी नव्हतं, हेही खरं आहे, म्हणून तर काल आल्यापासून या वहीभोवती फिरते आहे. ही पानं कुठं टाकायची नाहीत, वहीतच राहतील, तेव्हा उरलेलं लिहायला हरकत नाही. रडू हे नंतरचं, आप्पा. 'माझ्या वडिलांनी' एवढं ओठावर आलं होतं. पुढं कुणीतरी विचारलं असतं, वडील काय करायचे, आणि मला आचारी म्हणावं लागलं असतं.